छठीआधीची लेकरं

देवास, ९ जानेवारी १९५०

ती. अक्कास मोरूचा साष्टांग नमस्कार.

पत्राला सहा महिने उशीर झाला. त्यावर तू जे लिहिशील ते मी आधीच ऐकून घेतलं असं समज.

इथे आमची नवी कचेरी उघडली आहे. संस्थानं विलीन झाली, दरबार उठले, पण दप्तरं मागे राहिली. एकट्या देवासात थोरल्या पातीचं दप्तर निराळं, धाकट्या पातीचं निराळं. रस्त्याच्या या अंगाला मेलेला माणूस एका दरबारचा आणि त्या अंगाचा दुसऱ्याचा, असा आजवरचा कारभार. आता माळव्यातले जन्म-मृत्यूचे सगळे आकडे एका जागी आणायचे, त्यांचं पुस्तक छापायचं आणि दवाखान्यांना, शाळांना वाटायचं असं ठरलं आहे. डॉक्टर कुठे द्यायचा, सूतिकागृह कुठे बांधायचं, हे सरकार त्या पुस्तकावरून ठरवणार. आमचे साहेब भैयासाहेब म्हणून आहेत, ग्वाल्हेरकडचे. माणूस फार टापटिपीचा.

धार दरबारच्या नोंदी पाहून ते हसलेच. कितीतरी गावांत वर्षभर कोणी जन्मलं नाही आणि कोणी मेलंही नाही. तेव्हा मला तुझी आठवण झाली. धरमपुरीच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यापासून तू बाळंतिणींचं काही ना काही लिहीत आली आहेस. ते कागद मला दे. असे आकडे अख्ख्या माळव्यात दुसऱ्या कोणाकडे नसतील.

मालन बरी आहे. आई नसलेल्या मुलीचं बापाला काय कळतं? तिच्यासाठी तिकडे एखादं स्थळ तूच बघ.

तुझा मोरू


धरमपुरी, २ फेब्रुवारी १९५०

चि. मोरूस आशीर्वाद.

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. तुझी गरज अजून सरलेली नाही, तोवर मला भाव आहे, हे मी जाणून आहे.

कागद पंधरा वर्षांचे आहेत. ते कसे जमवले ते आधी ऐक, नाहीतर तुला त्यांतलं काही उमगणार नाही. पहिल्या वर्षी मी बायकांना सरळ विचारायची, तुझी किती लेकरं गेली? बायका उठून जायच्या. गेलेल्याचं नाव काढलं की ते राहिलेल्याला ओढून नेतं, असं इथे मानतात. आपल्या घरांतून तरी दुसरं काय मानतात? मग गेंदा दाईबरोबर गावोगाव फिरता फिरता मला युक्ती सुचली. आता मी दोनच प्रश्न विचारते. किती वेळा सुवेर पाळलं? आणि किती वेळा छठी पुजली? सुवेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, तो लेकरू जगो न जगो पाळावाच लागतो, आणि छठी पुजतात सहाव्या रात्री, जगलेल्याचीच. दोन्ही प्रश्न कुळाचाराचे, त्यात अशुभ काही नाही. बाई भाकरी थापता थापता सांगते, सुवेर सात वेळा, छठी चार वेळा. म्हणजे तीन लेकरं छठीच्या आधी गेली. तिला ते बोलावं लागत नाही आणि मला विचारावं लागत नाही. नंतर गेलेल्यांचा रकाना पुढे वेगळा आहे.

तुला आठवत असेल, छठीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहून जाते. छठीच्या आधी गेलं त्याचं सटवाईही लिहीत नाही. बारसं नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून कोतवालही लिहून घेत नाही. त्यांचं लिहिणारी चाळीस गावांत मी एकटी. सटवाईच्या वरताण झाले म्हणेनास.

बहुतेकांची तऱ्हा एकच. नाळ विळ्याने कापतात, वर राख-शेण चोपडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकराचं तोंड मिटतं ते उघडत नाही. उकळलेलं पातं आणि स्वच्छ चिंधी मिळाली तर यांतली निम्मी वाचतील. पण मी एकटी कुठे कुठे पुरणार? इथे सूतिकागृह हवं, दाया शिकवायला हव्यात. केवळ त्यासाठी हे कागद देते आहे.

दोन गोष्टी पाळ. एकाही बाईचं नाव त्यांत नाही, मी तसं वचन दिलं आहे. कुणाचं कोण म्हणून शोधत बसू नका. दुसरं, सुवेर आणि छठी हे दोन रकाने शेजारीशेजारीच राहू देत. एकट्या छठीच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. नक्कल करायला मला वेळ नाही आणि डोळेही नाहीत. मूळच पाठवते, काम झालं की परत कर.

कागद घेऊन येताहेत ते इथल्या शाळेतले गोपाळराव मास्तर. घाटावरच्या देवळाची पूजा त्यांच्या घरात आहे. त्यांना जेवायला थांबव आणि नीट पाहून ठेव. का ते तुला कळेल.

अक्का


देवास, २० मार्च १९५०

ती. अक्कास सा. नमस्कार.

कागद पोचले, गोपाळरावही पोचले. दोन्ही पसंत. मुलगा वाचनाचा शौकीन दिसला. छापलेला चिटोरा हाती आला तरी वाचल्याशिवाय खाली ठेवीत नाही. मालनने पडद्याआडून पाहिलं आणि दुपारभर उगाच भांडी घासली. पत्रिका पाठवून दे.

तुझं काम पाहून मी थक्क झालो. इतक्या बायकांशी तू बोललीस! साहेबांना अजून सगळं दाखवलेलं नाही. त्यांना तक्ता सुबक लागतो, तसा करूनच समोर ठेवीन. तुझ्या एका रकान्याचं नाव सरकारी कागदात जरा कसंसंच दिसतं, त्याचं काय करायचं ते बघतो. तू काळजी करू नकोस. आकड्यांचं मला कळतं.

मोरू


धरमपुरी, १४ जुलै १९५१

चि. मोरूस आशीर्वाद.

लग्नाच्या धावपळीत तुझ्याशी धड बोलायचं राहिलंच. मालन इथे रुळली. रोज माझ्या दारावरून घाटावर जाते, परतताना घटकाभर बसते. सासू कडक आहे पण खाष्ट नाही. गोपाळराव तिला रात्री वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि ही बसल्या बसल्या झोपते. माझ्याबरोबर एकदोन गावांनाही येऊन गेली. दोन प्रश्नांची युक्ती तिला तिथेच कळली. मग म्हणाली, आत्या, माझ्या आईला विचारलं असतंस तर? मी सांगितलं, सुवेर तीन वेळा, छठी एक वेळा. ती एक छठी तुझी.

तुला हे आठवत असेलच.

आता कामाचं. दीड वर्ष झालं. बायका मला विचारतात, बाई, तुमचा बाळंतपणाचा दवाखाना कधी होणार? तो होणार म्हणूनच त्यांनी मला सांगितलं होतं. पुस्तक कुठवर आलं? आणि कागद कधी परत करतोस?

अक्का


देवास, ११ मे १९५२

ती. अक्कास सा. नमस्कार.

दोन पत्रांची उत्तरं एकदम देतो आहे, रागावू नकोस. पुस्तक छापून झालं. वरून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर मला वाचायला दिलं. आपल्या वडिलांनी चाळीस वर्षं दरबारात लेखणी चालवली, त्यांना हे पाहायला हवं होतं. तक्त्यांखाली तयार करणार म्हणून माझी सही छापली आहे. पहिली प्रत जावई म्हणून गोपाळरावांना पाठवली. तुझ्यासाठी ठेवलेली कोणी उचलून नेली, दुसरी मिळाली की पाठवतो.

आणखी एक बातमी. तुझी बदली इकडे पीपलरावांला होण्याचं घाटत आहे. म्हणजे तू देवास जिल्ह्यात येशील, सणावाराला भेट होईल. मला तर बरंच वाटलं.

मोरू


धरमपुरी, ३० मे १९५२

मोरू,

बदलीचा हुकूम आला. त्यात कारण दिलं आहे. धरमपुरी भागात बालमृत्यूचं प्रमाण माळव्यात सर्वांत कमी असल्याने येथे नर्सची आवश्यकता नाही.

मी दोनदा वाचलं आणि तशीच गोपाळरावांच्या घरी गेले. त्यांनी पुस्तक कौतुकाने कपाटातून काढलं, फडक्यात बांधून ठेवलेलं. आमचं पान उघडून मला म्हणाले, आत्याबाई, हे तुमचेच आकडे ना? तिथे जन्म या मथळ्याखाली माझ्या छठ्या आहेत. त्यापुढे मृत्यू आहेत, ते फक्त छठीनंतरचे. सुवेराचा रकाना नाही. म्हणजे जी छठीआधी गेली ती मेली नाहीत, इतकंच काय, जन्मलीच नाहीत.

अरे, पंधरा वर्षं मी त्यांच्यासाठीच उन्हातान्हात फिरले ना? बाकीची मोजायला कोतवाल होता. आता सूतिकागृह तर लांबच, होती ती नर्सही उचलली, आणि तीही माझ्याच कागदांचा दाखला देऊन. मी जावयासमोर हसले आणि पाणी मागितलं.

तो रकाना कुठे गेला ते मला उलट टपाली कळव.

अक्का


देवास, १५ जून १९५२

ती. अक्कास सा. नमस्कार.

तुला खोटं लिहिणार नाही. रकाना मी काढला.

तक्ता घेऊन साहेबांच्या खोलीत जायची वेळ आली आणि माझं मन धजेना. बायकांच्या विटाळाचा हिशेब सरकारी मेजावर कसा ठेवायचा? खोलीत चार कारकून होते. मोरोपंतांची बहीण घरोघर हे विचारत हिंडते म्हणून उद्या गावभर झालं असतं. मी विचार केला, छठी म्हणजे लेकरू जन्मलं याचाच पुरावा, तेव्हा तोच जन्माचा आकडा धरावा. छठीआधीची थोडीफार असतील, त्याने काय बिघडतं असं वाटलं. ती किती आहेत ते मी वजाबाकी करून पाहिलंच नाही. तुझं पत्र आल्यावर माझ्याकडच्या टिपणावरून एका गावाची केली. पुढच्या गावाची करवली नाही.

मी शुद्धिपत्र काढवून घेतो. तुझे मूळ कागद कचेरीच्या दप्तरखान्यात आहेत, त्यांवरून तक्ता पुन्हा करता येईल. थोडा वेळ दे. भैयासाहेबांना शाबासकी मिळून महिनाच झाला आहे, आत्ताच कसं सांगू?

एक मागणं आहे. शुद्धिपत्र निघेपर्यंत गोपाळरावांना काही सांगू नकोस. सासऱ्याची सही खोट्यावर आहे असं जावयाला कळलं, तर मालनच्या सासरी मी कोणत्या तोंडाने जाऊ?

मोरू


पीपलरावां, २२ मार्च १९५३

चि. मोरूस आशीर्वाद.

इथे येऊन नऊ महिने होतील. गाव मोठं आहे, माणसं चांगली आहेत, दवाखान्याचं छप्पर धड आहे. बाळंतिणी मला बोलावतात. इथली लेकरं वाचली की मला धरमपुरीची आठवण येते. त्यात आनंद कसला?

तुझ्या नाकासाठी मी आजवर तोंड मिटून बसले. शुद्धिपत्राचं काय झालं? तुझ्या पत्रांत हवापाणी असतं, गव्हाचं पीक असतं, ते सोडून सगळं असतं. आता माझे कागद मला परत दे. मी स्वतः ते घेऊन वर जाईन. भैयासाहेबांच्याही वर कोणीतरी असेलच.

घाई आहे, कारण मालनचं पत्र आलं. तिला दिवस गेले आहेत. श्रावणात बाळंत होईल. तुझ्या घरी बाईमाणूस नाही, तेव्हा पहिलं बाळंतपण माझ्याकडे इथे व्हावं असं मी ठरवलं आहे. गेंदा दाई मागच्या दिवाळीत वारली. मी शिकवलेली तेवढी एकच होती. दुसऱ्या दाईच्या हातात मी मालनला देणार नाही.

अक्का


देवास, १० एप्रिल १९५३

ती. अक्कास सा. नमस्कार.

मालनची बातमी वाचून देवापुढे साखर ठेवली. तिच्या आईची फार आठवण झाली.

आता जे लिहितो ते बसून वाच. तुझ्या कागदांसाठी मी दप्तरखान्यात गेलो. तिथे खंडोजी म्हणून जुना शिपाई आहे. जागा कमी म्हणून छापून झालेले मूळ कागद ठेवू नयेत असा साहेबांचा तोंडी हुकूम होता. छापलं म्हणजे ते कायमचं झालं, मूळ कशाला हवं, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं असतं. यंदाच्या थंडीत ते गठ्ठे साहेबांच्या बंगल्यावर बंबात घातले गेले. खंडोजीला बिचाऱ्याला काही ठाऊक नाही. मला म्हणाला, "पंत, धारवाले कागद जाडे होते. पाणी झटकन तापायचं."

तिथून मी तसाच साहेबांकडे गेलो आणि तक्ता चुकला आहे असं एकदाचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, शुद्धिपत्र काढू, आधार दाखवा. आधार म्हणजे तुझे कागद. माझं टिपण निम्म्या गावांचं होतं. तेही गेल्या जूनमध्ये, तुझं पत्र आल्यावर, मी फाडून टाकलं होतं. मला ते डोळ्यांसमोर नको झालं होतं.

मला शिव्या दे. पण मालनला तुझ्याकडे न्यायचं ते मात्र बरोबर आहे. गोपाळरावांना तूच लिही. बाळंतपणाचं बायकांनी लिहिलेलं बरं.

मोरू


पीपलरावां, २ जुलै १९५३

मोरू,

तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मी ते बसून वाचलं, तू सांगितलंस म्हणून. उत्तर लिहायला हात उचलला नाही. पंधरा वर्षांतल्या बायका परत कुठून आणू? काही मेल्या, काही नदीपलीकडे गेल्या, आणि ज्या आहेत त्या पुन्हा कशाला सांगतील? ते जाऊ दे. ते गेलं.

आता जे राहिलं आहे ते वाचव. मी गोपाळरावांना तीनदा लिहिलं, मालनला सातव्याच्या आत माझ्याकडे पाठवा. पहिलं उत्तर आलं, आईला विचारतो. दुसरं आलं, रस्ता खराब, पोरीला गाडीचे हिसके सोसणार नाहीत. मग मी तुला दिलेला शब्द मोडला आणि सरळ लिहिलं की पुस्तक चुकलं आहे, धरमपुरीत छठीआधी लेकरं जातात, ती त्यात धरलेली नाहीत. त्यावर त्यांचं आलेलं उत्तर उतरवून देते, म्हणजे तुला कळेल.

"आत्याबाई, तुमची माया मी जाणतो. पण धरमपुरीचे आकडे तुम्ही स्वतः जमवलेले, मी माझ्या हाताने देवासला नेलेले, आणि सासरेबुवांच्या सहीने छापलेले. माळव्यात याहून सुखरूप जागा नाही असं त्यात स्पष्ट आहे. मग आठव्या महिन्यात तिला पावसातून कशाला न्यायची?"

मुलगा वाईट नाही रे. छापलेलं खरं मानतो, एवढाच त्याचा दोष आहे. बाईमाणसाचं तोंडी एकीकडे आणि सरकारी पुस्तक एकीकडे, कोणीही हेच करील.

तो आता फक्त तुझं ऐकेल. एक ओळ लिही. तक्ता माझ्या हातून चुकला आहे, मालनला ताबडतोब अक्काकडे न्यावे. एवढंच. खाली सही कर. मला रजा मिळत नाही, इथे दुसरी नर्स नाही. तुझी अब्रू मोठी की पोर मोठी, हे मी तुला विचारायला नको.

अक्का


देवास, १५ जुलै १९५३

ती. अक्कास सा. नमस्कार.

गोपाळरावांना कालच पत्र टाकलं. तू काळजी करू नकोस, सगळं नीट होईल. इथे पाऊस बरा आहे. टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाऊन आलो, मालनच्या नावाने ओटी भरली. चांदीचा वाळा करायला टाकला आहे, सोनार श्रावणात देईन म्हणतो. मुलगा झाला तर बाबांचं नाव ठेवावं असं मनात आहे.

मोरू


धरमपुरी, १९ ऑगस्ट १९५३

चि. मोरू,

तार तुला पोचली असेल. तारेत सगळं लिहिता येत नाही म्हणून हे पत्र.

मी रजा न घेताच निघाले. आले तेव्हा मालनला बाळंत होऊन तीन दिवस झाले होते. मुलगा. रंग तिच्या आईचा, कान तुझे. दाराशी सासू हसत आली. मी आत जाऊन आधी नाळ पाहिली. दाईने आपल्या चालीप्रमाणे सगळं केलं होतं, विळा, राख, सगळं. तिला कोणी वेगळं शिकवलं नव्हतं. ज्यांनी शिकवायचं त्यांच्यासाठी या गावाला पैसा मंजूर झाला नाही, कारण गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दूध ओढलं नाही. मी बोटाने तोंड उघडायचा प्रयत्न केला तेव्हाच मला कळलं. अशी तोंडं मी किती पाहिली आहेत ते कागदावर होतं. धारच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी ठरवली, ती येईपर्यंत राहिला नाही. माझ्या मांडीवर गेला. मी दोन दिवस आधी आले असते तरी काही झालं नसतं. दोन महिने आधी मालन माझ्याकडे असती तर झालं असतं.

गोपाळराव पुस्तक घेऊन बसले होते. रडत नव्हते. मला म्हणाले, आत्याबाई, मग यात खरं काय आहे? मी म्हटलं, छपाई खरी आहे. मग त्यांनी पुस्तकातून तुझं जुलैचं पत्र काढून मला दिलं. "मालनबाबत आपल्या सोयीने करावे. अक्का हल्ली वयोमानाने काळजी फार करते." एवढंच होतं त्यात. ओळी मी पुन्हा पुन्हा मोजल्या, आणखी एखादी कुठे असेल म्हणून. त्यांना मी काही सांगितलं नाही. तू सांगशील की नाही ते तुझं तू बघ. मला आता त्याचं काहीच वाटत नाही.

काल घाटावर दोघी-तिघी ओळखीच्या बायका भेटल्या. मी सहज म्हणून एकीजवळ बसले. मनात होतं की पुन्हा सुरुवात करावी, निदान एका गल्लीपासून. ती भली बाई, माझ्या हातची दोनदा बाळंत झालेली. तिने कळशी उचलली आणि म्हणाली, "बई, पेलां थांके सब बतायो थो. फेर कंई हुयो?" आधी सगळं सांगितलं होतं, मग काय झालं. ती गेली. आता मी कुणाला विचारणार नाही.

मालनच्या अंगावर दूध येतं, ते पिळून टाकावं लागतं. आज दुपारी तिचे केस विंचरत होते तेव्हा एकदम म्हणाली, "आत्या, मला पण विचार ना."

मला कळेना कसला प्रश्न. ती म्हणाली, "तू सगळ्यांना विचारायचीस ते."

मी विचारलं, किती वेळा सुवेर पाळलं?

म्हणाली, "एकदा."

दुसरा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. हजारो बायकांना विचारला असेल, पण तिला नाही विचारता आला. तीच बिचारी वाट पाहत बसली, आणि मी वेणी घालून टाकली.

तुझ्या तक्त्याप्रमाणे मालन बाळंत झालीच नाही, मोरू. पुढचं पुस्तक निघेल तेव्हाही धरमपुरी सर्वांत सुखरूपच राहील.

हे पत्र लिहायला घरात कागद शोधत होते. सासूने छठीसाठी एक चांगला कोरा ताव आणून ठेवला होता, सटवाईने लिहायला. त्याच्यावरच लिहिते आहे. एवढा कागद तरी जप.

अक्का